आईचं नाव घालणाऱ्या बाई

कराडात अजून सांगतात, वाईकर बाईंनी एका आडत व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न नासवलं. सांगणाऱ्यांतले निम्मे त्या लग्नाला नव्हते. जे होते ते पहिल्या पंगतीत जागा धरायला आधीच मंडपाबाहेर पडले होते. मी होतो. मंडप माझा होता, माइक माझा होता, आणि बाईंना सांगलीहून कराडला माझ्याच टेंपोतून आणलं होतं. तेव्हा मला कुणी त्या लग्नाची गोष्ट शिकवू नये.

वाईकर बाई मंगलाष्टकं लिहून देत. हा त्यांचा धंदा होता. मी मुद्दाम धंदा म्हणतो, कारण कुणी ‘छंद’ म्हटलं की त्यांच्या नाकपुड्या फुगत. नव्वदच्या पुढची ती वर्षं. सांगलीत चांगल्या घरचं लग्न असलं की दोन्हीकडची नावं गुंफलेली खास अष्टकं लिहून घेत, छापून वाटत आणि भाचे-पुतण्यांकडून माइकवर म्हणवून घेत. ती बाईंकडून लिहून घ्यायची. त्याशिवाय मानपत्रं, डोहाळजेवणाची गाणी, दुकानाच्या उद्घाटनाची आमंत्रणं असंही काम असे. एकदा एका पुढाऱ्यानं त्यांना कौतुकानं कवयित्री म्हटलं. बाई म्हणाल्या, “कवयित्रीला शाल देऊन भागतं. मला मजुरी लागते.”

गावभागात त्यांचं भाड्याचं घर होतं. पुढं खोली, मागं स्वयंपाकघर, आणि परसात पूर्वी जळण ठेवायची एक पत्र्याची खोली. ती बाईंची कामाची जागा. स्वयंपाकघराच्या दारातून पाऊल टाकलं की समोर तीच खोली. पण बाई तिकडून कधी गेल्या नाहीत. सकाळी धुतलेलं पातळ नेसायचं, वेणी घालायची, खांद्याला पर्स लावायची, पायांत चपला सरकवायच्या, नवऱ्याला “येते” म्हणायचं आणि पुढच्या दारानं रस्त्यावर यायचं. मग बोळातून वळसा घालून परसाच्या फाटकातून आत. गल्लीतल्या बायका सुरुवातीला पदराआड हसल्या. मीही एकदा विचारलं.

“आवं बाई, ही उलटी प्रदक्षिणा कशापायी?”

“स्वयंपाकघरातून गेले की वाटेत दूध लागतं, कुकर लागतो, भांडीवाली लागते. रस्त्यावरून गेले की मी कामावर जाते.”

त्यांचे यजमान अप्पा पोस्टातून निवृत्त झालेले. पुढच्या ओट्यावर पेपर घेऊन बसत. कुणी आलं की पेपर खाली न करता सांगत, “ऑफिसात गेलीय.” त्यांनी हे इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगावं की नवा माणूस खरोखर ऑफिसचा पत्ता विचारायचा. एकदा मी बसलो असताना आतून खोकल्याचा आवाज आला. पाहुणा म्हणाला, “त्या घरातच हायत की!” अप्पा म्हणाले, “छे, ऑफिसातून ऐकू येतंय.”

कामाची वेळ पलीकडच्या शाळेच्या घंटेवर. शाळा भरली की बाई बसल्या, मधल्या सुट्टीत बाहेर आल्या, चहा घेतला, पुन्हा बसल्या. पण लग्नांचा मोसम उन्हाळ्यात, आणि तेव्हा शाळेला सुट्टी. मग अप्पा देवघरातली घंटा घेऊन परसात जात आणि वाजवून येत. शेजारणीला वाटायचं, अप्पांनी म्हातारपणी पूजा वाढवली.

बाई आधी पाटीवर लिहीत, पेन्सिलीनं, शाळेतल्या पोरासारख्या. पुसायच्या, पुन्हा लिहायच्या. शेवटचं झालं की मगच कागद. मी म्हटलं, कागद काय महाग झालाय का? तर म्हणाल्या, “गिऱ्हाइकाला खाडाखोड दिसली की तो दर पाडतो. त्याला वाटतं, बाई चुकतात, म्हणजे कमी द्यायला हरकत नाही.” हे ऐकलं आणि माझ्या मनात त्यांची किंमत वाढली. मी स्वतः महांकाळच्या बाजूचा, मेंढरामागं वाढलेला. सांगलीत आलो तेव्हा दुसऱ्याच्या मंडपाचे बांबू वाहिले, मग स्वतःचे घेतले. मला शाळेनं काही दिलं नाही, घासाघिशीनं दिलं. मी दुकानात शिरलो की ताडपत्रीवाला गल्ल्याला कुलूप लावायचा, असं लोक गमतीनं म्हणत.

अशा मला बाईंनी पहिल्याच भेटीत पाणी पाजलं. एका गिऱ्हाइकानं मंडपासकट सगळं माझ्यावर सोपवलं होतं, अष्टकंसुद्धा. मी दर ऐकला आणि सवयीनं म्हटलं, “लय होतंय, बाई. आठ कशाला? पाच लिवा, आन् दर उतरवा.”

“का? नवरा कमरेपर्यंतच आणणार आहात का?”

मी भडकलो. मी लवकर भडकतो, ते सगळ्या सांगलीला ठाऊक आहे. उठलो, चपला घातल्या आणि निघालो. बाजाराचा नियम आहे, उठून जाणाऱ्याला मागून हाक येते. मी बोळाच्या तोंडाशी पोचलो, हाक नाही. तंबाखू मळत उभा राहिलो, हाक नाही. तंबाखू संपली. शेवटी परत आलो तर ओट्यावर अप्पा.

“ऑफिसात गेलीय. उद्या या.”

दुसऱ्या दिवशी मी त्याच दरात आठ घेऊन आलो.

दराच्या बाबतीत त्या निदान ऐकून तरी घेत. एका गोष्टीत मात्र ऐकूनही घेत नसत. छापील अष्टकांत सगळे असत: बाप, आजोबा, चुलते, कारखान्याचे चेअरमन, कधी कधी आमदारसुद्धा. आई नसायची. फार तर ‘मातापिता’ म्हणून एका शब्दात उरकलेली. बाईंची अट होती, मुलीच्या आईचं आणि मुलाच्या आईचं नाव अष्टकात आलं पाहिजे, नावानिशी. नसेल तर काम घेणार नाही. आणि नुसतं नाव लिहून आणलेलं चालायचं नाही. दुपारी कामाची खोली बंद करून त्या स्वतः त्या आईच्या घरी जायच्या, एसटीनं, रिक्षानं, नाहीतर चालत. पुढच्या खोलीत बसायच्या नाहीत, सरळ स्वयंपाकघरात. पोरगी लहानपणी कशाला भ्यायची, तिला रागावून काय हाक मारता, ती पोटात असताना काय खावंसं वाटायचं, असलं विचारायच्या. बायका आधी बावरून म्हणायच्या, “माझं काय घालताय, ह्यांचं घाला की.” मग एकदा बोलू लागल्या की चुलीवरची भाकरी करपायची.

एका मुलाची आई पद्मावती. वृत्तात ते नाव बसवायला बाईंना वेळ लागत होता. मुलगा घाईला आलेला. म्हणाला, “बसत नसंल तर मंदा घाला. सोपं पडंल.”

बाईंनी पाटी बाजूला ठेवली. “आईचं नाव बदलायला निघालेला पहिलाच मुलगा बघतेय. बायकोचं बदलतात, ते ठाऊक होतं.”

पद्मावती बसली. चौथ्या अष्टकात, ऐटीत.

आता कराड. व्यापाऱ्याचं नाव मी घेत नाही, त्याला शेठ म्हणतो. मोठी आडत, मोठी मुलगी, मोठं लग्न. मंडपाचं काम माझ्याकडं आलं आणि अष्टकांसाठी मीच बाईंचं नाव सुचवलं. शेठनं नावं सांगितली, त्यात मुलीची आई म्हणून घरातल्या बाईचं नाव. वाईकर बाई नेहमीप्रमाणं त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मी दाराशी उभा होतो. बाईंनी विचारलं, “ही पोटात असताना काय खावंसं वाटायचं?”

ती बाई चहा गाळत होती. गाळणं तसंच धरून म्हणाली, “मला कसं ठावं असंल? ती माझ्या पोटची न्हाई. तिची आई महांकाळकडं असती, माहेरी. शेवंता नाव तिचं. आमच्यात सांगायचं न्हाई, पर तुमी इचारलंत.”

शेठनं पहिली बायको मुलगी लहान असतानाच माहेरी पाठवली होती आणि परत आणली नव्हती. पोरगी ठेवून घेतली होती.

वाईकर बाईंनी चहा संपवला आणि विचारलं, “मग तुमचं नाव कुठं घालू?”

“माझं सातव्यात घाला,” ती म्हणाली. “सांभाळली हाय म्या तिला. आठवं तिच्या आईला द्या.”

दुसऱ्या दिवशी मी बाईंना टेंपोत बसवून महांकाळच्या बाजूला नेलं. माझाच मुलूख. खडकाळ माळ, बाभळी, लांब लांब वस्त्या. शेवंताबाई भावाच्या वस्तीवर होत्या. बाई आलेल्या बघून त्यांनी घोंगडं अंथरलं आणि स्वतः उभ्याच राहिल्या. लग्न ठरलंय हे त्यांच्या कानावर आलं होतं. बोलावणं आलं नव्हतं. वाईकर बाईंनी सगळे प्रश्न विचारले. शेवंताबाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली, एकदाही न अडखळता, जणू कुणीतरी विचारायला येईल म्हणून तयार ठेवलेली. शेवटी म्हणाल्या, “नाव घातलं तर कुणी खोडंल का, बाई?”

“मी लिहिलेलं कुणी खोडत नाही,” बाई म्हणाल्या.

इथं त्यांचा अंदाज चुकला. शेठनं छापखान्यात जाऊन आठवं अष्टक काढायला लावलं. लग्नाच्या सकाळी गुलाबी कागद वाटले गेले तेव्हा कळलं, त्यावर सातच आहेत. बाईंनी कागद उलटा करून पाठ बघितली, पुन्हा सुलटा केला आणि पर्समध्ये ठेवला. मला वाटलं, आता चिडतील. त्या मंडपात पुढं जाऊन खांबाजवळ उभ्या राहिल्या.

अंतरपाट धरला. पुतण्यानं पहिलं म्हटलं, भाच्यानं दुसरं. सातवं झालं. भटजी हातात अक्षता घेऊन थांबले. सात अष्टकांवर लग्न लावायची त्यांना सवय नव्हती.

“आठवं?” भटजी म्हणाले.

“चालतंय, घ्या उरकून,” शेठ म्हणाला.

“अहो, अष्टक आहे. एक तरी म्हणा कुणीतरी. मुहूर्ताला अवकाश आहे.”

“आठवं माझ्याकडे आहे,” वाईकर बाई म्हणाल्या. पुतण्याच्या हातातला माइक त्यांनी इतक्या सहज घेतला की त्यानं तो अदबीनं दिला. शेठला काय होतंय ते समजायच्या आत त्यांनी सुरू केलं. आवाज काही गोड नव्हता, पण शब्द न् शब्द सुटा. शेवटच्या दोन ओळी मला पाठ आहेत.

आई ती जिचिया कुशीत रुजली ही देखणी सावळी,
शेवंता जननी, तिला स्मरुनिया कुर्यात् सदा मंगलम्.

नाव ऐकल्याबरोबर शेठ माझ्याकडं वळून ओरडला, “बंद कर त्यो माइक!”

मशिनीचं बटण माझ्या हाताखाली होतं. मी आवाज वाढवला. माझं मशीन होतं. ते कमी करायचं का जास्त, हे सांगायचा अधिकार त्याला कुणी दिला होता?

अंतरपाटाआड उभी असलेली नवरी मागं वळली. नवरीनं त्या वेळी मान वर करायची नसते, वळायचं तर नसतंच. ती सरळ वळली आणि बायकांच्या गर्दीत शोधू लागली. गर्दीत नव्हतीच शेवंताबाई. बोलावण्याशिवाय आलेली, मंडपाबाहेर चपलांच्या ढिगाजवळ उभी होती, भावाच्या मागं. पोरीनं तिला बघितलं. शेवंताबाईनं मुठीतल्या अक्षता फेकल्या, इतक्या लांबून की वाटेतल्या लोकांच्या टोप्यांवर पडल्या. कुणी सांगितल्याशिवाय, सगळ्यांच्या आधी. मग ताशा वाजला आणि लग्न लागलं.

लागलं. नीट ऐका, लग्न लागलं. नवऱ्याकडच्यांनी एक शब्द काढला नाही. नवरा जाताना शेवंताबाईच्या पाया पडून गेला. त्या पोरीचा संसार आजही चाललाय. यात नासलं काय? शेठचा रुबाब नासला. एका माणसाच्या रुबाबाला लग्न म्हणायची चाल कधीपासून पडली?

पण शेठचा हात लांबवर पोचत होता. कराडच्या कार्यालयांत निरोप गेला, त्या बाईला उभी करू नका, अन् त्या मंडपवाल्यालाही. मला त्याचा राग आहे आणि तो मी जपून ठेवलाय. मी दुसरीकडं बांबू रोवले, माझं निभावलं. बाईंचं अवघड झालं. लग्नघरं भित्री असतात. ‘त्या बाई ऐनवेळी माइक घेतात’ एवढं ऐकलं की पुरे. त्यातच मंगलाष्टकांच्या तयार कॅसेटी आल्या. कुणाच्याही लग्नाला चालणाऱ्या, त्यात कुणाचंच नाव नाही.

मी बाईंकडं गेलो. म्हटलं, “बाई, एक अट सोडा. मातापिता म्हणून लिवा. निदान मोसम तर निघंल.”

“तुम्ही त्या दिवशी आवाज का वाढवलात?”

“राग आला म्हणून.”

“मग मलाही आलाय. तुमचा तेवढा खरा आणि माझा सोडायचा?”

मी रिकाम्या हातानं परत आलो. असं फार वेळा होत नाही.

पुढं घरमालकाला सांगलीचं घर हवं झालं. साताऱ्यात अप्पांच्या बहिणीच्या घराचा वरचा मजला मोकळा होता. माझ्याच टेंपोतून सामान गेलं. नव्या गावात बाईंना फुटकळ कामं मिळत, एखादं बारसं, एखादी साठी. मोठं लग्न एकही आलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटलो. साताऱ्यात एका कार्यालयाचं काम ठरवायला गेलो होतो. बाईंचे केस बरेच पांढरे झाले होते. आनंदात होत्या. महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याच्या घरचं लग्न आलं होतं. “मंत्री येणार आहेत म्हणे,” अप्पा हळूच म्हणाले. “हे झालं की साताऱ्यात नाव होईल.” बाई वाड्या-वस्त्या हिंडून आल्या होत्या. नवरा मुलगा दत्तक गेलेला. जन्म दिलेली यमुना, धाकटी जाऊ. वाढवलेली राधा, थोरली. दोघींच्या स्वयंपाकघरांत बसून झालं होतं. दोघींनीही आपल्याआधी दुसरीचं नाव सांगितलं होतं.

आम्ही बोलत असताना खालून अप्पांच्या बहिणीनं हाक मारली. फोन आला होता, हॉटेलवाल्याचाच. बाई जिन्यानं खाली गेल्या, मागोमाग मी.

“हो, तयार होतंय,” बाई फोनवर म्हणाल्या. मग बराच वेळ ऐकत राहिल्या. “नाही. दोन्ही.” पुन्हा ऐकलं. “मान्य आहे, मंत्र्यांसमोर दत्तकाची चर्चा नको. मी चर्चा करतच नाही, मी नावं घेते.” पलीकडचा आवाज चढला, तो मलाही ऐकू आला. कुठलंही एक घाला, पाहिजे तर तुम्हीच ठरवा, असं तो म्हणत होता.

“मी ठरवणारी कोण?” बाई म्हणाल्या. “एकीनं जन्म दिला, एकीनं वाढवला. तुम्ही तरी कोण ठरवणारे?”

पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज आला. बाईंनीही ठेवला, हळूच, दुसऱ्याच्या घरचा फोन म्हणून.

माझं डोकं तापलं. “मला नंबर द्या,” मी म्हणालो. “असल्या लोकांशी माझा जलम गेलाय. मी बोलतो त्याच्याशी. काढतो मधली वाट.”

“बिराप्पा, तुम्ही बांबू कमी-जास्त करा. आया कमी-जास्त होत नाहीत.”

एवढं म्हणून त्या जिना चढू लागल्या. मी खालूनच म्हटलं, “आता वर जाऊन काय करताय, बाई? काम तर गेलं.”

त्या मधल्या पायरीवर थांबल्या. रागावल्या नव्हत्या. न कळणाऱ्या मुलाकडं बघावं तसं बघितलं.

“गिऱ्हाईक गेलं. काम कुठं गेलंय? शेवटची ओळ व्हायचीय अजून.”

मी अप्पांचा निरोप घेऊन रस्त्यावर आलो. मनातल्या मनात त्या हॉटेलवाल्याला शिव्या मोजत होतो. टेंपोचं दार उघडलं तेव्हा वरच्या खिडकीतून बाईंचा आवाज आला. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. आधी अडत होती, एक नाव बसलं की दुसरं बाहेर पडत होतं. मी दार धरून उभा राहिलो. मागच्या रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला, त्याला मी हात करून थांबवलं. मग ती ओळ अख्खी आली, मोठ्यानं, खालच्या बोळात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं:

राधा अन् यमुना तुम्हीच जननी, कुर्यात् सदा मंगलम्.